तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र

बर्लिन शहराला समुद्र नाही. स्प्री नावाची एक संथ नदी शहरातून वळणे घेत जाते. कालवे आहेत, तळी पुष्कळ आहेत. पण समुद्र म्हणाल तर तो उत्तरेकडे सुमारे दोनशे किलोमीटरवर, आणि तोही बाल्टिक, म्हणजे आपल्या अरबी समुद्राच्या निम्मासुद्धा खारट नाही. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला अशा शहरात पहिले दोन दिवस काहीतरी हरवल्यासारखे वाटते. वारा येतो, पण त्याला वास नसतो. संध्याकाळी फिरायला निघावे तर पाय कोणत्या दिशेला वळवावेत ते कळत नाही.

आणि तरीही समुद्र घरात आणून ठेवण्याचे वेड ज्या शहरांनी जोपासले त्यांत बर्लिनचा मान मोठा आहे. १८६९ साली उंटर डेन लिंडेन या राजरस्त्यावर आल्फ्रेड ब्रेम या प्राणिशास्त्रज्ञाने मत्स्यालय उघडले. पुढे ते ऑटो हर्मेस यांच्या हाती आले. समुद्र दूर, तेव्हा या गृहस्थांनी गोड्या पाण्यात क्षार मिसळून समुद्राचे पाणीच तयार केले! ते मत्स्यालय १९१० साली बंद झाले. १९१३ साली प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी नवे उभे राहिले, १९४३ च्या नोव्हेंबरात त्यावर बाँब पडले, आणि १९५२ साली ते पुन्हा उघडले. अलीकडची कथा तर वाचकांच्या लक्षात असेल. शहराच्या मध्यभागी एका हॉटेलच्या दालनात सुमारे दहा लाख लीटर खाऱ्या पाण्याचे एक प्रचंड पारदर्शक नळकांडे उभे होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटले. पाणी रस्त्यावर आले आणि सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक सारे मेले.

“तेव्हापासून, मामा, आमचा घरमालक जिन्यात भेटला की आधी पेटीची प्रकृती विचारतो आणि मग माझी,” असे माझा भाचा सांगतो.

हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आठ वर्षे बर्लिनमध्ये नोकरीला आहे. २०२४ च्या उन्हाळी सुटीत उत्तरपत्रिकांतून हात मोकळे झाले तसे मी आणि सौ. त्याच्याकडे पाच आठवडे राहून आलो. या पाच आठवड्यांत भिंतीचे उरलेले तुकडे, ब्रांडेनबुर्गचा दरवाजा, संग्रहालयांचे बेट, असे जे जे पाहायचे म्हणून सांगतात ते आम्ही पाहिले. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि चांगले लिहिले आहे. मी सांगणार आहे ते भाच्याच्या बैठकीच्या खोलीतल्या काचपेटीविषयी, आणि तिच्यात राहणाऱ्या एका लाल स्पंजाविषयी.

भाचा तेव्हा राहत होता त्या वस्तीचे नाव वेडिंग. इंग्रजी वाचून कोणी अक्षता घेऊन निघू नये. लग्नाशी तिचा काही संबंध नाही. जुन्या बांधणीची पाचमजली घरे, रस्त्यावर एक इमारत, तिच्या पोटातून बोळ, मग फरसबंदी चौक आणि चौकापलीकडे मागची इमारत. गिरगावातल्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना इथे परके वाटणार नाही. फरक इतकाच की इथे रात्री दहानंतर कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि रविवारी भिंतीत खिळाही ठोकत नाही. मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाच्याचे घर. लिफ्ट नाही. दार उघडले की समोर निळसर उजेड, पाण्याची बारीक गुरगुर, आणि काय आश्चर्य, ओहोटीच्या वेळी खडकांत येतो तो ओळखीचा वास!

पेटी चारशे लीटरची. पाणी, दगड आणि खालचे कपाट धरून वजन सहाशे किलोच्या आसपास. म्हणून ती भक्कम भिंतीला टेकून ठेवलेली. पाण्यात लीटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे एकदा पेटी भरायची तर चौदा किलो. उष्णता पंचवीस अंश, हिवाळा असो की उन्हाळा. आत सच्छिद्र दगडांची एक दरड रचलेली. या दगडांना इथले लोक ‘जिवंत दगड’ म्हणतात, कारण त्यांच्या भोकाभोकांत सूक्ष्म जीवांची वसाहत असते आणि तीच पाण्यातली घाण पचवते. असे दगड, जोडीला पाण्याला फेस आणून त्यातला मळ उपसून काढणारे यंत्र आणि वर प्रखर दिवे, या घडीला जगभर ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात. शास्त्रज्ञांपेक्षा इथल्या हौशी मंडळींनीच ती १९७० नंतरच्या काळात रुळवली. ष्ट्यूबर नावाच्या एका बर्लिनकराच्या घरच्या पेटीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे हातोहात सबंध जर्मनीत पसरले. आपल्याकडे अनंताची फांदी या अंगणातून त्या अंगणात जाते तसे.

प्रवाळ, मासे, शंख हे सगळे पेटीत होतेच. पण ते पाहणाऱ्याचे डोळे आपणहून ओढून घेतात. स्पंजाकडे बोट दाखवून कोणीतरी न्यावे लागते. भाच्याने मला पहिल्यांदा नेले ते प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात. दारात इग्वानोडॉन नावाच्या प्राचीन सरड्याचा पुतळा आहे, वर मगरींचे दालन आहे, खाली शार्क आहेत. तारापोरवाला मत्स्यालय बोट धरून पाहिलेल्या मुंबईकर मुलाचे मन अशा ठिकाणी कितीही वय झाले तरी उड्या मारते. भाचा मात्र मला एका पेटीसमोर उभे करून दगडाच्या कपारीत, जिथे उजेड पोचत नाही तिथे बोट दाखवत म्हणाला, “मामा, तो पिवळा डाग बघा.”

“काय आहे?”

“प्राणी.”

शाळेच्या पुस्तकात ‘रंध्रीय प्राणी’ असा एक धडा असतो. परीक्षेपुरते आपण ते नाव पाठ करतो आणि पुढे पाटी पुसायच्या किंवा अंग घासायच्या स्पंजाशी त्याचा काही संबंध आहे हे विसरून जातो. या जीवाला जाणीव आहे की नाही, हा प्रश्न ॲरिस्टॉटललाही पडला होता. १८२५ साली रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे स्पंज भिंगाखाली धरले तेव्हा त्यांच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याची धार एकसारखी बाहेर येताना त्याला दिसली. स्पंजाला हृदय नाही, पोट नाही, तोंड नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर हजारो बारीक छिद्रे. त्यांतून पाणी आत येते, आतल्या कोनाड्यांतल्या पेशी आपल्या इवल्याशा चाबकांनी ते पुढे ढकलतात, त्यातले खाण्याजोगे तेवढे टिपून घेतात, आणि पाणी वरच्या मोठ्या छिद्रातून बाहेर सोडतात. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असे दिवसाकाठी स्पंजाच्या अंगातून जाते. आम्ही मराठीचे शिक्षक हुशार मुलाला ‘स्पंजासारखा शोषून घेतो’ म्हणतो. ही उपमा मेलेल्या स्पंजाची आहे. जिवंत स्पंज काही साठवून ठेवत नाही. पाणी थांबले की तो संपला.

घरी परतल्यावर भाच्याने प्रयोगच करून दाखवला. बारीक नळीने सूक्ष्म शेवाळाचे हिरवे पाणी त्याने लाल स्पंजाच्या बुंध्यापाशी अलगद सोडले. हिरवा ढग क्षणभर तिथे तरंगला, मग स्पंजाच्या अंगाशी चिकटल्यासारखा झाला आणि पातळ होत होत नाहीसा झाला. वरच्या एका छिद्रासमोर एक कण तरंगत होता, तो कोणी फुंकर घातल्यासारखा दूर गेला. एवढेच. पण सौ. सुद्धा चहाचा कप हातात तसाच धरून पाहत राहिली.

हा लाल स्पंज कॅरिबियन समुद्राकडचा, हाताच्या पंजासारखा, सात फांद्यांचा. भाच्याची सहा वर्षांची मुलगी त्यांना बोटे म्हणते. (ती मला आजोबा म्हणते. नाते काटेकोर पाहिले तर बरोबर आहे; पण सत्तेचाळिसाव्या वर्षी बर्लिनच्या ट्रॅममध्ये ही हाक सर्वांदेखत ऐकणे सोपे नाही.) तिच्याजवळ एक वही आहे. दर रविवारी पेटीसमोर त्याच खुर्चीवर बसून ती स्पंजाचे चित्र काढते आणि खाली तारीख घालते. बापाने लावलेली सवय. स्पंज इतक्या हळू वाढतो आणि इतक्या हळू खंगतो की रोज पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. चार महिन्यांपूर्वीचे पान उलटले की दिसते.

आणि ही वही का सुरू झाली ते ऐकण्यासारखे आहे. याच्या आधी एक नारिंगी स्पंज होता. दुकानदाराने तो गिऱ्हाइकाला नीट दिसावा म्हणून हाताने पाण्याबाहेर उचलला, वळवून दाखवला आणि पिशवीत घातला. सारे मिळून दहा सेकंद. घरी दोन महिने तो छान दिसत होता. मग त्याच्या अंगावर राखी डाग आले, वर पांढरट साय धरली, आणि आतून तो कुजत गेला. स्पंज पाण्याबाहेर आला की त्याच्या नळ्यांतले पाणी ओघळून जाते आणि तिथे हवा शिरते. आपल्याला ढेकर आहे, शिंक आहे. स्पंजाला आत कोंडलेली हवा सहजी बाहेर टाकता येत नाही. जिथे बुडबुडा बसला तिथले पाणी बंद, आणि तेवढा भाग उपाशी मरतो. नारिंगी स्पंज मेला तो त्या दहा सेकंदांमुळे की आणखी कशाने, हे मात्र भाचा छातीवर हात ठेवून सांगत नाही. हेच या छंदातले अवघड आहे. मासा आजारी पडला तर उद्या कळते. स्पंज आज जे भोगतो त्याचा जबाब दोन-तीन महिन्यांनी देतो, आणि तोवर मधे इतके काही घडून गेलेले असते की आरोपी कोण ते ठरवता येत नाही.

दुसरी अडचण खाण्याची, आणि ती मला जास्त मनोरंजक वाटली. प्रवाळांना पाणी लागते ते निर्मळ. म्हणून हौशी माणूस फेसाच्या यंत्राने मळ काढतो, कोळशातून पाणी गाळतो. बर्लिनच्या नळाचे पाणी इतके जड की किटलीत आठवड्याभरात चुन्याचा थर बसतो. ते बारीक पडद्यातून दाबून शुद्ध करून मगच पेटीत घालतात. आता स्पंज खातो काय? पाण्यातले जिवाणू, अतिसूक्ष्म शेवाळ आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य. म्हणजे बाकीच्यांच्या दृष्टीने जो मळ तो याचा वरणभात! शिवाय बहुतेक स्पंजांचा सांगाडा वाळूतल्या सिलिकाच्या सुयांचा असतो, आणि काचेवर तपकिरी शेवाळ धरू नये म्हणून ते सिलिकासुद्धा पाण्यातून कटाक्षाने काढून टाकलेले असते. अशा चकचकीत पेटीत प्रवाळ बाळसे धरतात आणि स्पंज बिचारा स्वच्छतेने उपाशी मरतो.

भाच्याने यावर काढलेला तोडगा सुगरणीचा आहे. सूक्ष्म शेवाळाचे पाणी तो एकदम ओतत नाही; तसे केले तर उरलेले सडते आणि सबंध पेटीवर शेवाळ माजते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, आणि रात्रीच्या घासानंतर फेसाचे यंत्र तीन तास बंद. कोळसा महिन्यातून थोडेच दिवस. लाल स्पंज दरडीच्या पोटाखाली, सावलीत ठेवलेला. कारण त्याला उजेडाची गरज नाही आणि उजेडात त्याच्यावर शेवाळ चढले की छिद्रे बुजतात. काही निळे-जांभळे स्पंज असे असतात की त्यांच्या अंगातच प्रकाशावर जगणारे जिवाणू राहतात. त्यांना मात्र दिव्याखाली जागा द्यावी लागते. पाण्याचा झोत थेट अंगावर नको, पण भोवतालचे पाणी हलते हवे, म्हणजे अंगावर गाळ बसत नाही. आणि पेटीत, ज्यांना इंग्रजीत एंजल म्हणतात ते मोठे मासे ठेवायचे नाहीत. त्यांचे आवडते खाणे स्पंज. औषध म्हणून तांबे तर थेंबभरही नाही.

“आपल्या दादरच्या घरी असे काही ठेवता येईल का रे?” असे सौ. ने विचारले. माझ्या पोटात गोळा आला. पण भाच्याने परस्पर उत्तर दिले.

“मामी, दगड कुठून आणाल? मालवणहून?”

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहेत, स्पंज आहेत. १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत प्रवाळ घातले गेले, आणि चुन्याच्या सुया असलेले सगळे स्पंजही. समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळांचा दगड उचलून आणणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि तो असावा हे योग्यच. इथल्या बाजारातही परदेशी समुद्रातून उपसलेला माल येत आला आहे, हे भाचा नाकारत नाही. दुसऱ्याच्या पेटीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा मिळाला तर तो तेवढाच घेतो. लाल स्पंज मात्र समुद्रातूनच आलेला, आणि तो शेवटचा विकत घेतलेला स्पंज असे त्याने बायकोला वचन दिले आहे.

आमच्या मुक्कामाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना घर बदलायचे होते. नवे घर पांको भागात, पाचएक किलोमीटरवर. माणसाचे सामान हलवणे सोपे. खुर्चीला श्वास कोंडण्याची भीती नसते. समुद्र कसा हलवायचा? भाच्याने चार दिवस आधीच नव्या घरी मोठ्या पिंपात खारे पाणी कालवून, पंपाने घुसळत, ऊब देत ठेवले होते. निघण्याच्या दिवशी सकाळी सहा वाजता त्याने जुने पाणी निम्मे डब्यांत भरून घेतले, मासे झाकणाच्या बादल्यांत गेले, दगड टबात पाण्याखाली. तळाची जुनी वाळू फेकून दिली. ती ढवळली असती तर वर्षानुवर्षांचा गाळ उठून सगळ्यांच्या नाकातोंडात गेला असता, आणि स्पंजाला तर सारे अंगच नाकतोंड.

लाल स्पंजासाठी रुंद तोंडाची एक बरणी होती, आपल्याकडे लोणच्याला वापरतात तशी. बरणी पेटीत पूर्ण बुडवली, आतली हवा बुडबुड करून निघून जाऊ दिली, स्पंज ज्या दगडाला चिकटला होता तो दगड पाण्याखालीच आत सरकवला आणि झाकणही पाण्याखालीच फिरवले. बाहेर काढून उजेडात धरली: आत एकही बुडबुडा नव्हता. ही बरणी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, कारण कपाट उचलणाऱ्या भाच्याच्या जर्मन मित्रांत माझा काही उपयोग नव्हता. तीन मजले लाकडी जिना मी छातीशी बरणी धरून उतरलो. पुढे नात, हातात वही. प्रत्येक पायरीला ती मागे वळून म्हणे, “आजोबा, हळू.”

चौकात एका शेजारीणबाईंनी दार धरून ठेवले आणि बरणीकडे पाहून काहीतरी विचारले. नातीने ऐटीत उत्तर दिले: “श्वाम!” बाईंचा चेहरा उतरला. जर्मन भाषेत श्वाम म्हणजे स्पंज, फळा पुसायचा बोळाही श्वाम. पण जुन्या घरांच्या लाकडी तुळया आतून खाऊन टाकणारी एक बुरशी असते, तिलाही लोक श्वामच म्हणतात. ती घरात निघाली की मालकाला लाखोंचा भुर्दंड. झाल्या गोष्टी विसरून जायच्या झाल्या तर हेच लोक ‘त्यावर श्वाम फिरवा’ म्हणतात. एका शब्दाच्या पोटात किती गोष्टी राहतात! भाच्याने खुलासा केला तेव्हा बाई हसल्या आणि बरणीला त्यांनी शुभेच्छा दिल्या.

खरा वाद झाला तो जुन्या घरी, पेटीखालच्या कपाटापाशी. या कपाटात एक दुसरी टाकी असते. वरचे पाणी तिच्यात उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर जाते. ती टाकी अंधारात असते आणि तिकडे कोणी पाहुणा पाहत नाही. आठ वर्षांत तिच्या नळ्या कोणी धुतल्या नव्हत्या. सूनबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी ब्रश आणि बादली आधीच सज्ज ठेवली होती. “नव्या घरात ही घाण मी नेऊ देणार नाही,” त्या म्हणाल्या. भाचा आडवा पडला, अक्षरशः. जमिनीवर पालथा होऊन त्याने विजेरी आत धरली आणि आम्हां सर्वांना वाकायला लावले.

टाकीच्या भिंतीवर, नळ्यांच्या आत, पंपाच्या पाठीवर शेकडो पांढरे दाणे होते. जोंधळ्याएवढे, काही बोराच्या बीएवढे, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अननसासारखा बारीक काट्यांचा तुरा. शेजारी करड्या, पिवळट पापुद्र्यांचे थर. एका कोपऱ्यात लिंबाएवढा एक नारिंगी गोळा. सगळे स्पंज! यांतला एकही विकत आणलेला नव्हता. जिवंत दगडांच्या भोकांतून ते बिनभाड्याने आले होते आणि जिथे उजेड नाही, शेवाळ नाही, स्वच्छता नाही आणि कोणाचे लक्ष नाही तिथे त्यांनी संसार मांडला होता. पांढरे दाणे चुन्याच्या सुयांचे. याच जातीच्या स्पंजांवर एर्न्स्ट हेकेल याने १८७२ साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि हेकेलचा जन्म बर्लिनला लागून असलेल्या पोट्सडामचा.

नारिंगी गोळ्याच्या एका भाऊबंदाची कथा तर भाचा रंगवून सांगतो. स्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयातल्या एका पेटीत असेच इवलेसे गोळे आपोआप वाढलेले सापडले. ते स्वतःचे अंग आवळतात, पुन्हा फुलतात, आणि तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर या चालीने जागाही बदलतात. २००१ साली शास्त्रज्ञांनी ती नवी जात ठरवून तिला त्या संग्रहालयाचेच नाव दिले. समुद्रात जे कोणी ओळखले नव्हते ते मत्स्यालयाच्या काचेवर ओळखले गेले! आणि २०१३ साली डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की प्रवाळांच्या कपारींत राहणारे स्पंज पाण्यातले विरघळलेले द्रव्य खाऊन आपल्या पेशी झपाट्याने बदलतात, आणि त्या टाकलेल्या पेशींवर किडेखेकडे जगतात. अंधारातली मंडळी उजेडातल्यांचा स्वयंपाक करतात म्हणा ना.

सूनबाईंनी विजेरी हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग त्या बादली घेऊन स्वयंपाकघर पुसायला गेल्या. नळ्या न धुता, ओल्या ठेवून, पाण्यासकट पांकोला गेल्या.

नव्या घरी संध्याकाळी सातच्या सुमारास पेटीत पाणी भरले. तिथे मे महिन्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. बरणी पाण्यात बुडवून झाकण उघडले, दगड कपारीखाली बसवला. पुढले काही दिवस दिवे निम्मे, खाणे अगदी थोडे, आणि पाण्याची तपासणी रोज दोनदा. अमोनिया वर चढला नाही. मासे दुसऱ्या दिवशी जेवले. प्रवाळ चौथ्या दिवशी फुलले. स्पंज जसा होता तसाच होता, आणि त्याचा अर्थ काय हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आम्ही निघण्याच्या आधीच्या रविवारी नातीने चित्र काढता काढता पेन्सिल थांबवली. “करंगळी पांढरी झाली,” ती म्हणाली. एका फांदीचे टोक फिके पडले होते आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी साय होती. भाच्याने हात पाण्यात घालून, धारदार पात्याने, फिक्या भागाच्या खाली बोटभर चांगल्या अंगातून ती फांदी कापली. सडका भाग राहू दिला तर सड खाली उतरते. चांगल्या अंगातले काप मात्र भरून येते. स्पंजाचे अंग जुळून येण्याविषयी तर १९०७ सालचा एच. व्ही. विल्सन यांचा प्रयोग आहे: त्यांनी स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, आणि त्या पुन्हा एकत्र येऊन त्यांचा लहानसा स्पंज झाला. भाचा हे लेकीला सांगत होता. ती ऐकत नव्हती. तिने चित्रात करंगळी काढली, खोडली, आणि “हलवताना झालं का?” असे विचारले.

“माहीत नाही,” बाप म्हणाला. “कदाचित हिवाळ्यातच तो उपाशी असेल.”

तिने माझ्याकडे पाहिले. बरणी माझ्या हातात होती ना! मी तिला झाकणाखाली बुडबुडा नव्हता हे सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले, जर्मनमध्ये.

आम्ही मुंबईला आलो. जुलैत पत्राऐवजी छायाचित्र आले: आणखी एक फांदी कापावी लागली होती. ऑगस्टमध्ये पाच बोटे, त्यांतले एक आखूड. सप्टेंबरात तीच पाच. ऑक्टोबरच्या एका रविवारी नातीने फोनच्या पडद्यासमोर वहीचे पान धरले. बोटे पाचच होती; पण आखूड बोटाच्या टोकाला तिने लाल पेन्सिलीने एक नवा गोल जोडला होता आणि त्यावर तीन वेळा गिरवले होते. मग पान उलटून दुसरे चित्र दाखवले. वरच्या पेटीची काच, डावीकडचा खालचा कोपरा, आणि तिथे तिळाएवढा एक पांढरा ठिपका, डोक्यावर तुरा.

“हा कोणी आणला?” मी विचारले.

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि आईला तो कोपरा पुसू नकोस म्हणून सांगायला धावत गेली.